हवालदारीणबाईंची पत्रं

खोटं बोलण्यात आमच्या शेजारच्या हवालदारीणबाईंचा हात धरील असं माणूस उभ्या पुण्यात नव्हतं, आणि हे मी पूर्ण आदराने लिहिते आहे. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्यांचे हवालदार पूर्वेच्या सरहद्दीवर होते आणि गुलटेकडीच्या बाजूला दोन खोल्यांत बाई, तीन मुलं आणि दम्याने बेजार झालेली सासू एवढी माणसं राहत होती. घरात पुरुष नाही हे परक्याला कळता कामा नये, असा बाईंचा हट्ट. म्हणून खुंटीवर हवालदारांचा शर्ट, दाराशी त्यांचे जुने बूट, आणि ते बूट बाई रोज सकाळी जरा इकडचे तिकडे करून ठेवत. घरमालक येवो की वर्गणीवाले येवोत, उत्तर एकच, "आंघोळीला बसल्यात." घरमालक एकदा म्हणाला, "सहा महिने आंघोळ चाललीय बाई, पाणीपट्टी वाढवावी लागेल." बाई म्हणाल्या, "नळाला पाणी तर येऊ द्या, मग उठतील."

मुलांना त्या पलटणीसारखं वागवत. सकाळी तिघांनी उंचीप्रमाणे उभं राहून नखं आणि कान दाखवायचे, मग भाकरी. रेडिओवर बातम्या लागल्या की बाई मुद्दाम मोठमोठ्याने भाकऱ्या थापत. म्हणत, "त्याला काय म्हाईत, तो मुंबैत बसून बोलतोय." पण बातम्या संपेपर्यंत एकही भाकरी तव्यावर पडत नसे, हे मी भिंतीपलीकडून ऐकत असे.

मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. बाईंना वाचता येई, लिहिणं मात्र जमत नसे, म्हणून दर रविवारी पत्र मी लिहायची. अर्धं पत्र बाईंचं, अर्धं सासूबाईंचं. सासूबाईंच्या अर्ध्यात फक्त तक्रारी. सून चहात साखर घालत नाही, भाकरी मुद्दाम कडक करते, पाठीला तेल लावत नाही. समोर बसून बाई हे सगळं मला लिहू देत. "लिवा, लिवा. वाचून त्यांना घरी आल्यागत वाटतंय." प्रत्यक्षात म्हातारीला दम लागला की बाई पाठीला पाठ लावून तासन् तास बसत, म्हणजे म्हातारीला टेकायला व्हावं.

थंडीच्या सुरुवातीलाच म्हातारी गेली. तिकडे सरहद्दीवर चकमकी सुरू झाल्या होत्या, सुट्ट्या बंद. लोणी काळभोरहून धाकटा दीर आला, त्याने अग्नी दिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाई कोरं पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. "लिवा, आई बऱ्या हायेत." मी म्हटलं, हे बरं नाही. त्या म्हणाल्या, "तिथं त्यांचं ध्यान हललं तर मी तीन पोरं घेऊन कुठं जाऊ? दिराला शपथ घातलीया. तुमालाबी घालते." मी लिहिलं, वाचून दाखवलं. बाईंनी मान हलवली. "असं न्हाई चालायचं. म्हातारी गप बसली म्हंजे गेलीच, एवढं त्यांना कळतंय. तक्रार लिवा."

मग चार महिने, लढाई संपून हवालदारांना सुट्टी मिळेपर्यंत, आम्ही दोघी मेलेल्या सासूच्या तक्रारी रचत होतो. साखर झाली, भाकरी झाली, तेल झालं, साठा संपला. एका रविवारी मीच हौसेने एक वाक्य घातलं, "रात्री दम लागतो तर सून उठत नाही, हाका मारून घसा सुकतो." ऐकून बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अक्षी म्हातारीच." मग तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला. मला माझ्या लेखणीचं फार कौतुक वाटलं होतं, तेही लिहून टाकते.

हवालदार उन्हाळ्याच्या तोंडावर आले. आळीने हार घातले, पेढे वाटले. बाईंना कुणी हार घातला नाही, कुणाला सुचलंही नाही. आईचं कळल्यावर ते उंबऱ्यावरच बसले, पण बाईंना बोलले नाहीत. बोलले ते तिसऱ्या दिवशी, ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा काढून. मी पातेलं परत द्यायला गेले होते.

"गेलेल्या माणसाच्या नावानं तुला हेच सुचलं," ते सावकाश म्हणाले, "म्हंजे जितेपणी तू तिला हेच भोगाय लावलंस. हाका मारून मेली माझी आई." मग माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, खरं सांगा. ह्यो शब्द हिनंच सांगितला न्हवं?"

मी तोंड उघडलं. पण बाई माझ्याआधी बोलल्या. "मीच सांगितला. त्यांनी निस्तं लिवलं." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बावीस वर्षांची होते, घाबरले, आणि होकाराची मान डोलावली. पातेलं ठेवून घरी आले.

हवालदार पुन्हा ड्युटीवर गेले, पण त्यांची पत्रं त्यानंतर लोणीला, दिराच्या नावावर येऊ लागली. दीर महिन्यातून एकदा येऊन खुशाली सांगून जाई. बाईंनी घर तसंच चालवलं, मुलं शिकवली, माझ्याशी एका शब्दाने वाकडं बोलल्या नाहीत. रविवारी दुपारी मात्र माझ्याकडे येऊन जरा वेळ बसत, भाजी निवडत. पत्र लिहायचं नसे, तरी येत. अशा कितीतरी रविवारी मला सांगता आलं असतं, की चला, मी हवालदारांना लिहिते, ते वाक्य माझं होतं. कागद होता, पत्ता दिराकडून मिळाला असता. मी भाजी निवडत राहिले. पुढे माझं लग्न झालं, मी ते घर सोडलं. हवालदार वारले, काही वर्षांनी बाईही वारल्या. ते वाक्य माझं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि ते वाचायला दोघांपैकी कुणी राहिलेलं नाही.