तो बुडाला, ते कुठंय?

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतले काका नौदलात वायरलेसवर होते. निवृत्तीनंतरही त्यांची एक सवय सुटली नव्हती. मला दुकानातून काही आणायला सांगितलं की म्हणायचे, "आता परत म्हणून दाखव." समोरच्यानं काय ऐकलं ते कळेपर्यंत निरोप पोचला असं ते मानतच नसत. मी टिंगल करायचे, "सहा अंडी, ओव्हर!"

परदेशी नौदलांबरोबरच्या संयुक्त सरावांविरुद्ध मी पत्रक लिहीत होते, म्हणून काकांना गाठलं. गॅलरीत बसून त्यांनी सांगितलं: अशाच एका सरावात त्यांच्या जहाजावरचा एक खलाशी समुद्रात पडला. मित्रदेशाचं हेलिकॉप्टर जवळच होतं. पण हेलिकॉप्टरचा वायरलेस संच आणि जहाजावरचा संच एकमेकांशी बोलेचनात. निरोप तिसऱ्या जहाजामार्फत फिरवून द्यावा लागला. तोवर तो बुडाला. पुढची सगळी नोकरी काकांनी दोन्हीकडचे संच जुळवण्यात घालवली. "मग आम्ही त्यांच्या पद्धतीनं बोलायला शिकलो," ते म्हणाले.

मी तेवढंच वाक्य उचललं. 'परक्यांच्या पद्धतीनं बोलायला लावलं! माजी नौसैनिकाची कबुली.' 'शिकलो'चं 'लावलं' मीच केलं. नाव छापलं नाही, याचा वर अभिमान. आमच्या चाळीत नौदलातले होतेच किती? एक.

पत्रक लालबागला वाटलं, चाळीच्या जिन्यातही चिकटवलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा एक जण ओरडला, "काय काका, गोऱ्यांची चाकरी केलीत म्हणे!"

काकांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता शिव्या पडणार.

"तो बुडाला, ते कुठंय?"

"जागा नव्हती, काका."

साफ खोटं. खाली घोषणांना चार ओळी दिल्या होत्या मी. तो बुडाल्याचं छापलं असतं तर माझ्या मुद्द्याला तिथंच उत्तर मिळालं असतं. सरावांना माझा विरोध आजही आहे. पण आमची भाषणं अर्धवट कापून दाखवतात म्हणून चॅनेलवाल्यांच्या नावानं बोंबलणारी मी, आणि केलं काय? तेच. तेही शेजारच्या माणसाशी.

जिन्यातली पत्रकं खरवडून काढली. मग त्यांच्या दारात गेले. "काका, तुम्ही सांगितलेलं परत म्हणून दाखवू?"

"म्हण."

सगळं म्हटलं. त्यांनी एकाच ठिकाणी थांबवलं. "नुसतं जवळ नव्हतं गं. डोळ्यांना दिसत होतं हेलिकॉप्टर."

"नवं पत्रक काढते. आधी तुम्हाला वाचून दाखवीन."

"नको. माझं आता काही छापू नकोस."

हल्ली अंडी ते स्वतःच आणतात.