वाढीव मुदतीचा शेवटचा दिवस

वेल्डिंगचा जळका वास आला की सुकापूरच्या आमच्या शेडमधली ती दुपार आठवते. न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या ट्रेलरवर कंटेनर अडकवताना ड्रायव्हरची बोटं चिरडू नयेत म्हणून बाबांनी एक कडी बनवली होती. तिचं पेटंट मंजूर झालं, आम्ही पेढे वाटले आणि निर्धास्त बसलो. मंजुरीनंतर, अर्ज केल्यापासूनच्या सगळ्या वर्षांचं शुल्क भरावं लागतं, हे सांगणारी आमच्या वकिलांची पत्रं मी वापरणं सोडलेल्या जुन्या ईमेलवर जात राहिली. त्या दिवशी वकिलांचा फोन आला, “वाढीव मुदतही आज संपतेय. आज भरलं नाहीत तर पेटंट गेलं.” सगळ्या अर्जांत तो ईमेल मीच दिला होता, त्यामुळे चूकही माझीच होती. शेडमध्येच लॅपटॉप उघडून पैसे भरायला बसले, तर वेबसाइट शेवटच्या पानावर येऊन अडकायची. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. बाबा ग्राइंडर बंद करून माझ्या मागे येऊन उभे राहिले. “झाला का नाय?” त्यांनी विचारलं. “नाही अजून,” मी म्हणाले. ते तिथून हलले नाहीत. पाचच्या सुमारास एकदाची पावती उघडली आणि मला रडूच फुटलं. बाबा म्हणाले, “गेला असता तर दुसरा केला असता मी. तू सकालपासून जेवली नाय, चल.” तेव्हा मला त्यांचा राग आला होता, कितीतरी वर्षं खपले होते ते त्या कडीसाठी. आता वाटतं, दुपारभर ते माझ्या मागे उभे होते खरे, पण स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होते.