आजीनं सोडलेली दावी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. तलासरीकडची ती बैलजोडी मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन सारखी हादरत होती. लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपत. मीही माझं टेबल ठाण्याबाहेर चिंचेखाली मांडलं होतं. नागरिकांना साहेब सहज भेटावेत म्हणून, असं मी सांगत असे. ठाणे अंमलदार गंभीरपणे मान डोलवायचा आणि स्वतःची खुर्ची माझ्याही पुढे, पार फाटकाजवळ नेऊन ठेवायचा.

एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, बैलचोर धरलाय. लवकर या, पोरं ऐकत नाहीत."

पाड्यावर पोचलो तर पन्नाशीचा एक माणूस खांबाला बांधलेला, ओठ फुटलेला. डहाणूहून आठवड्याला येऊन प्रार्थना घेणारा ख्रिस्ती प्रचारक होता तो. ज्याचे बैल गेले होते त्या शेतकऱ्याच्या धाकट्या भावाच्या अंगणात ही प्रार्थना भरे. म्हातारी आईही तिथं जाऊन बसू लागली होती, आणि थोरल्याला ते खपत नव्हतं.

"यानंच मागच्या खेपेला सांगितलं, चोर येणार, जागे राहा," थोरला म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय. नि आज माझे बैल गेले."

"चोर आधी सांगून येतो का रे?"

"लई लबाड आहे साहेब हा. सांगून करतो! बैल मिळाले नाहीत, तर धाकट्यानं बायकापोरं घेऊन पाडा सोडायचा. ठरलंय आमचं."

धाकटा मान खाली घालून उभा होता. मागची पोरं काठ्या घेऊन होती, त्यामुळे ठरलंय म्हणजे खरंच ठरलं होतं. मी प्रचारकाला सोडवून ठाण्यात आणलं आणि चिंचेखाली चौकशी सुरू केली.

"हे चोराचं काय प्रकरण?"

"साहेब, प्रभू परत येईल तो चोरासारखा, न कळवता, असं आमच्या शास्त्रात आहे. भूकंप झाले तर घाबरू नका, पण जागे राहा. एवढंच शिकवलं मी."

"कधी येणार?"

"ते कुणालाच ठाऊक नाही. तारीख सांगणारा खोटा समजायचा."

"आणि बैल?"

"मी एसटीनं येतो, साहेब. कंडक्टर कोंबडीसुद्धा घेऊ देत नाही."

तेवढ्यात जमीन हादरली. थांबली तेव्हा प्रचारक डोळे मिटून जागेवरच बसलेला होता, आणि मी फाटकापाशी होतो. अंमलदार माझ्या आधीच तिथं पोचलेला होता.

दुपारी पंचनाम्यासाठी पुन्हा पाड्यावर गेलो. गोठ्याच्या भिंतीला हात आत जाईल एवढी चीर गेली होती. पण माझी नजर खुंटीवर अडली. दोन्ही दावी नीट गुंडाळून टांगलेली होती. गुरं चोरणारा जनावर दाव्यासकट नेतो, नाहीतर दावं कापतो. गाठ सोडून, गुंडाळून, खुंटीला अडकवत बसायला त्याला सवड नसते. हे घरच्या हाताचं काम होतं.

"तुझ्याकडे दावी कोण गुंडाळतं?"

थोरल्याची नजर ओट्याकडे गेली. त्याची आई नुकतीच कुठूनशी चालत येऊन ओट्यावर टेकली होती. पाय धुळीनं भरलेले.

"आजी, बैल कुठायत?"

"माझ्या भावाच्या खळ्यावर, डोंगरापलीकडं. मोकळे. आताच सोडून आले," म्हातारी म्हणाली.

"आये!" थोरला ओरडला. "सांगता नाही आलं?"

"सांगितलं नाही? भिंत फाटली, बैल बाहेर बांध, म्हटलं तुला. तू काय म्हणालास? धाकट्याचा देव मला शिकवू नको. तुम्ही सगळे ताडपत्रीत नि ते मुके गोठ्यात. उद्या प्रभू आला नि विचारलं, बाई, यांना का नाही सोडवलंस, तर तुझं नाव सांगू?" मग तिला पोरांच्या हातातल्या काठ्या दिसल्या. "कोणाला मारलंत रे?"

काठ्या एकेक करून पाठीमागे गेल्या.

प्रचारकानं मारहाणीची तक्रार द्यायला नकार दिला. मी थोरल्याला ठाण्यात बोलावून जबाब घेतला, कडक समज दिली. धाकट्यानं पाडा सोडायची भाषा तिथंच संपली. थोरला बैल परत आणायला निघाला, तर आजी दावी मांडीखाली घेऊन बसली. उठेचना. बैल खळ्यावरच राहिले.

काही दिवसांनी मोठा धक्का बसला आणि गोठ्याची भिंत आत कोसळली. तलाठ्यासोबत मीही पाहायला गेलो. दावणीच्या जागी दगडमातीचा ढीग होता. थोरला त्याच्याकडे बघत उभा होता, ओट्यावर आजी तांदूळ निवडत होती.

"आजी, तुला आधी कसं कळलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "कळलं असतं तर जागी कशाला राहिले असते?"

पोलिसाची सगळी नोकरी खबरीवर चालते. कोण, कधी, कुठे हे कळलं की आम्ही धावतो, आणि त्यालाच दक्षता म्हणतो. आजीकडे कसलीच खबर नव्हती. समोर भिंतीला चीर दिसत होती, तेवढ्यावर ती डोंगर चढून गेली. ते बैल मी शोधले, असं मी घरी अजून रुबाबात सांगतो. बायको शांतपणे विचारते, "आणि तुमचं टेबल तेव्हा कुठे होतं?"