वास गेला

कारखान्याच्या धुराड्याआधी आम्ही काचेचा एक उंच नळा बसवला आहे. सडक्या अंड्यासारखा घाण वास मारणारा विषारी वायू त्यातच संपवायचा, म्हणून प्रयोगशाळेत घडवलेलं एन्झाइम त्यात भरलंय. आज पहिल्यांदा वायू सोडला. जुने ऑपरेटर पाटीलकाका सवयीने नळ्याच्या तोंडाशी वाकले. त्यांचा भरवसा मीटरपेक्षा नाकावर.

"वास गेला, मॅडम!" ते हसले.

दोन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, तेच ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हा वायू फार झाला, की आधी नाकच बधिर करतो. आमचं यश काय किंवा काकांचं मरण काय, दोन्ही बिनवासाचीच.

मी त्यांना दंडाला धरून मागे खेचलं. मीटर नंतर पाहिला.