शीतलच्या पुड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवळातसुद्धा नाही — तिथं गेले की मुलांचं बरं होऊ दे एवढं पुटपुटते आणि घाईघाईनं बाहेर पडते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ थोडी सैल होतेय. तरी आधी कौतुकाचंच सांगते. ते सांगायला सोपं जातं.

शीतल माझी धाकटी जाऊ. बँकेत आहे. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर वस्तीत, एकाच घरात राहतो — सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी आणि मुलं. तिची मुलगी ईश्वरी बालवाडीत जायला लागली तेव्हा शीतलनं गियरची सायकल घेतली. रविवारी पहाटे ग्रुपबरोबर निघायची. आधी तुळजापूर, मग नळदुर्ग, मग त्याहून लांब. सासूबाई सुरुवातीला कुरकुरल्या, "बाईमानसानं सायकल घिऊन कुटं हिंडायचं गं?" शीतल त्यांच्या गळ्यात पडली आणि त्या गप्प झाल्या. मला एवढ्या वर्षांत कधी त्यांच्या गळ्यात पडता आलं नाही.

तिच्या वाटेतल्या खाण्यापिण्याचं बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. पहिल्या खेपेला मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली. सोलापूरच्या बाईला दुसरं काय सुचणार? संध्याकाळी म्हणाली, "अक्का, घास गिळेना, चटणी नाकात गेली." दोघी पोट धरून हसलो. मग मी डोकं लावलं. गुळाच्या दशम्या, छोट्या, पाठीवरच्या खिशात मावतील अशा. शेंगदाणे-खजुराचे लाडू, पण दाबून चपटे केलेले, म्हणजे सायकलवरून न उतरता एका हातानं खाता येतील. आणि पुड्या. साखरेत लिंबाचा रस मुरवून ती ताटात पसरायची, गच्चीवर वाळवायची — आमच्या उन्हाला एवढं एक काम बरं जमतं — मग कुटून त्यात मीठ आणि जिरेपूड. एका बाटलीला एक पुडी. वाटेत कुठंही पाणी भरलं की आत सोडायची.

मीठ किती घालायचं आणि का, हे शीतलनंच मला समजावलं होतं. घामावाटे मीठ जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर उलट घात होतो. म्हणजे मला सगळं नीट माहीत होतं. अडाणीपणानं काही झालं असं पुढं कुठंही वाटून घेऊ नका.

ती परत यायची ती धुळीनं माखून, नाक भाजलेलं, आणि दारातूनच ओरडायची, भूक लागली. होर्तीजवळ सूर्यफुलं बघितली म्हणायची, कुठल्याशा धाब्यावर म्हातारा कानडीत भांडला म्हणायची. जेवायला बसली की भाकऱ्या मोजायचीच नाही. मला हेवा वाटायचा — तिच्या सायकलीचा नाही हो, त्या भुकेचा. मी सगळ्यांना वाढून पानावर बसते तोवर माझी भूक मेलेली असते. पण हेवा कुणाला वाटत नाही? तो वाटला म्हणून काही बिघडलं नव्हतं.

एका रविवारी ग्रुपमधल्या बायका घरी आल्या. मी पोहे केले. एकीनं विचारलं, त्या पुड्या आम्हालाही मिळतील का? शीतल पटकन म्हणाली, "देतील की अक्का करून. त्यांना घरी दुसरं काय काम असतं?"

मायेनंच म्हणाली. मीही हसले, बशा उचलल्या. मोरीत मात्र एकच बशी कितीतरी वेळ घासत राहिले. खोटं बोलली असती तर मी विसरून गेले असते. पण खरंच — दुसरं काय काम होतं मला?

पुढं एप्रिलात तिची विजापूरची फेरी ठरली. जाऊन त्याच दिवशी परत. ते जमलं की ग्रुप तिला गोव्यापर्यंत नेणार होता. घरात दुसरा विषय नव्हता. आमचे हेसुद्धा, जे मला भाजीत काय कमी पडलं एवढंच सांगतात, तिच्या टायरमधली हवा बघत होते. आदल्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. मी ओट्यापाशी पुड्या बांधायला बसले.

आणि मी मीठ घातलं नाही.

विसरले नव्हते. बरणी समोर होती, झाकण काढलं आणि परत लावलं. जिभेला कळू नये म्हणून चिमूटभर काळं मीठ टाकलं — त्याच्या वासावर चव भागून जाते. जिरेपूड वाढवली. सगळ्या पुड्या तशाच. लाडू आणि दशम्या तर गोडच, त्यांत मीठ नसतंच. पहाटे तिच्या हातात डबा दिला, वर "जपून जा गं" म्हणाले.

काय हवं होतं मला? तिच्या पायात गोळे यावेत. तिनं रस्त्याकडेला बसावं, टेंपोत सायकल टाकून घरी यावं, एकदा तरी तोंड पाडून यावं. मरावी असं मनात नव्हतं. पण हे म्हणून काय उपयोग? कुठं थांबायचं ते मी उन्हाला थोडंच सांगून ठेवलं होतं?

परतताना, वाटेतलं टाकळी गाव जवळ आलं असताना, ती असंबद्ध बोलायला लागली आणि डांबरावर कोसळली. झटके आले. गळ्याजवळचं हाड मोडलं. बरोबरच्यांनी गाडी थांबवून सोलापूरला दवाखान्यात आणलं. दोनेक दिवस ती माणसं ओळखत नव्हती. मग ओळखलं ते आधी मला. "अक्का" म्हणाली आणि रडली.

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. पाण्यातून काय घेत होता? मी पेजेचा डबा घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. आता विचारतील, आता सांगावं लागेल, असं वाटलं — आणि खरं सांगते, सांगितलं असतं. बहुतेक. पण शीतलच बोलली. "पाण्यात मीठ होतंच डॉक्टर. अक्का करून देतात. त्या कधी विसरणार नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

मग ते म्हणाले, काहींच्या घामातून मीठ जास्त जातं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. झालं. दोष तिच्या अंगावर लिहिला गेला. सासूबाई म्हणाल्या, "तुज्या अंगाला न्हाय झेपत पोरी. जीव वाचला, लई झालं." दिरांनी सायकल कुर्डुवाडीच्या एका ओळखीच्याला देऊन टाकली. ती नेत होते तेव्हा शीतल आत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मी तिला घड्या घालू लागत होते.

याला आता बरीच वर्षं झाली. थंडीत तिचा खांदा धरतो, हात वर जात नाही, तेव्हा तिचे केस मी बांधून देते. ती पाव्हण्यांना सांगते, अक्का नसत्या तर माझं काही खरं नव्हतं. गोव्याचं नाव ती काढत नाही.

ईश्वरी आता अकरावीला आहे. गेल्या महिन्यात तिनं सायकल मागितली, मैत्रिणी ग्रुपमध्ये जातात म्हणून. शीतल चिडली नाही. समजुतीनं म्हणाली, "आपल्या अंगातच ते नाही बाळा. तू माझ्यावर गेलीयस." पोरीनं माझ्याकडे बघितलं. "मोठी आई, तू तरी सांग की हिला."

मी पोळ्या लाटत होते. एक वाक्य पुरलं असतं. दोघींनाही पुरलं असतं.

मी म्हणाले, "आई सांगते ते ऐकावं."

पोरगी आत गेली. तिच्या अंगात काही खोट नाही. तिच्या आईच्याही नव्हती.