केबिनची काच
झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा तिखट वास आला की डहाणूचा तो दुकानदार आठवतो. २०१७ साली त्यांची बोट मोडीत निघाल्यापासून शेजारचे नाखवा बंदरावर फिरकेनासे झाले, म्हणून त्यांच्यासाठी मी तिची छोटी प्रतिकृती करत होतो. लाकडी केबिनला प्लास्टिकची काच तेवढी बसवायची राहिली होती. "भाई, काचेला हा झटपटवाला नको, ह्याच्या वाफेनं पांढरी पडेल. सफेद गोंद न्या, उद्यापर्यंत वाळेल," दुकानदार म्हणाला. हा जुना माल खपवतोय, हे मी चाणाक्षपणे ओळखलं आणि झटपटवालाच आणला. तासाभरात काच दुधाळ झाली. आधी मी बायकोच्या धुपावर संशय घेतला, मग गोंदातल्या भेसळीवर. नाखवा आले, बोट डोळ्यांजवळ धरून केबिन निरखू लागले. मग म्हणाले, "आपलीच रे ही! काचेवर दर्याचा खारसुद्धा हुबेहूब आणलास." ते खरंच फसले की त्यांनी मला सांभाळून घेतलं, हा संशय काही अजून फिटलेला नाही.