साडूंचा तारांकित प्रश्न

सरळ प्रश्नाला एकदाही सरळ उत्तर न देता ज्याने वकिली केली, संसार केला, निवडणूक जिंकली आणि वर राज्याचं आरोग्यखातं सांभाळलं, असा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांचे यजमान ते हे. घरात, कोर्टात, पक्षात सगळे त्यांना दादासाहेब म्हणत. नाशिकच्या कोर्टात असतानाच त्यांची ख्याती अशी होती की समोरच्या वकिलाने 'आज तारीख काय?' असं विचारलं तरी ते आधी मुदत मागून घेत. मंत्रिमंडळात जायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाटबंधारे मागितलं होतं, कारण धरणांबद्दल त्यांना पुष्कळ माहिती होती. मिळालं आरोग्य. आरोग्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की आपलं स्वतःचं चांगलं आहे.

खातं मिळालं आणि विधानसभेची भाषा त्यांच्या अंगात अशी भिनली की ती घरीही उतरेना. ताई म्हणायच्या, "अहो, भाजी आणलीत का?" तर हे पायरीवर चप्पल काढता काढता म्हणायचे, "अंशतः खरे आहे." म्हणजे कोथिंबीर आणलेली असायची आणि भाजी बाजारातच राहिलेली असायची. जेवलात का असं विचारलं तर बाब विचाराधीन असायची. एकदा तापाने फणफणले होते, डोळे लाल, अंगावर दोन गोधड्या, आणि डॉक्टरांनी ताप आहे का विचारल्यावर म्हणाले, "तसे निदर्शनास आलेले नाही." डॉक्टरांनी थर्मामीटर दाखवला. त्यावर म्हणाले, "माहिती घेऊन कळवतो." माझ्या पुतणीला मनमाडच्या रेल्वेतल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. मुलाच्या घराण्याची दादासाहेबांशी ओळख, म्हणून आम्ही त्यांना विचारलं, मुलगा कसा आहे? ते म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत आहे. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, बारशाचे पेढेसुद्धा आमच्याकडे आले, तरी माहिती गोळा होतच होती. पुतणीने पुढे आपला आपण शोधला आणि तो दादासाहेबांना न विचारता शोधला हे फार बरं केलं.

पण या माणसाला नुसता बेरकी म्हणाल तर तुमची चूक होईल. दवाखान्यांच्या पाहणीला ते जात तेव्हा मी सुट्टी असली की मागे मागे असे. घोटीच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्याने त्यांचा हात धरून विचारलं, "सायेब, मी बरा व्हईन ना?" दादासाहेब गंभीरपणे म्हणाले, "त्या दृष्टीने प्रयत्न चालू आहेत." म्हाताऱ्याला काही कळलं नाही. मग दादासाहेब त्याच्या खाटेवर बसले, त्याच्या भाताच्या शेताची चौकशी करत राहिले, आणि बाहेर मोटारी, अधिकारी आणि हारवाले ताटकळत उभे राहिले. उत्तर देणं त्यांना जमत नसे, पण बसणं जमत असे. एवढं जमणारे मंत्रीही मी फार पाहिलेले नाहीत.

अधिवेशन जवळ आलं की त्यांच्या गंगापूर रोडच्या घरी रविवारी सकाळी आमची विधानसभा भरे. आमदार मंडळी खात्याला आधी प्रश्न लिहून पाठवतात आणि त्यातल्या तारांकित, म्हणजे ताऱ्याची खूण केलेल्या, प्रश्नांना मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं. हे उत्तर कचेरीतून लिहून येतं, ते कुणीही वाचू शकेल. खरी कसोटी पुढे असते, कारण मग आमदार आयत्या वेळी सुचतील ते उपप्रश्न विचारतात. त्याची ही तालीम. अध्यक्षस्थानी ताई. त्या मेथी निवडत बसत आणि गोंधळ वाढला की चमचा ताटलीवर वाजवत. विरोधी पक्ष म्हणजे मी. दिवसभर शाळेत मुलांच्या शंका ऐकणाऱ्या मास्तराला मंत्र्याला फैलावर घ्यायची संधी मिळते म्हणजे काय, हे ज्याने पंचवटीतल्या शाळेत सहावीचा वर्ग सांभाळला आहे त्यालाच कळेल. मी अगदी टेबलावर मूठ आपटून विचारी. माझी बायको सत्ताधारी पक्षात होती, पण एकदा मी तिला बोलू दिलं नाही म्हणून तिने चिडून सभात्याग केला आणि स्वयंपाकघरातून उठून अंगणात जाऊन बसली. त्या दिवशी सभागृहाला उपाशी राहावं लागलं.

या सभेला आणखी एक जण हजर असे. ताईंना मधुमेह होता आणि रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. दादासाहेब मंत्री झाले आणि थोड्याच दिवसांत एक नर्स रोज घरी येऊ लागली. कुणी पाठवली, कुठून पाठवली, हे कुणी विचारलं नाही. मंत्र्याच्या घरी फोन येतो, मोटार येते, तशी नर्स आली असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. आम्ही तिला सिस्टर म्हणत असू. ती मूळची नांदगावची, बडबडी, हसरी, आणि हाताची अशी हलकी की पूर्वी सुई दिसली की रडकुंडीला येणाऱ्या ताई आता इंजेक्शन घेता घेता तिला लोणच्याची कृती सांगत. दोघींचं इतकं मेतकूट जमलं की सिस्टर एखाद्या दिवशी उशिरा आली तर ताई फाटकापर्यंत जाऊन बघत. ती आल्यापासून ताईंची तब्येतही चांगलीच सुधारली होती.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अशाच एका रविवारी दादासाहेबांनी कागद उचलला आणि माझ्याकडे दिला. पेठच्या पलीकडे डोंगरात करवंदपाडा म्हणून एक पाडा आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्राबद्दलचा प्रश्न होता. मी खाकरून वाचला, "करवंदपाडा येथील उपकेंद्रात परिचारिका नसल्याने गरोदर स्त्रियांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?"

"हे खरे नाही," दादासाहेबांनी खणखणीत आवाजात उत्तर वाचलं. "सदर उपकेंद्रातील परिचारिकेचे पद भरलेले आहे."

"पद भरलेलं आहे, मग परिचारिका दिसत का नाही?" मी मूठ आपटली.

"सन्माननीय सदस्यांनी मूळ प्रश्न नीट वाचावा, अध्यक्ष महाराज. दिसण्याबद्दल त्यात काही नाही."

हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की ते हसले. मीही हसलो. ताईंनी मात्र मेथीची जुडी खाली ठेवली. सिस्टर तेवढ्यात उकळलेली सिरिंज ताटलीत घेऊन आतून येत होती. ताई म्हणाल्या, "सिस्टर, करवंदपाडा म्हणजे तुमच्या नोकरीचंच ना हो ते गाव? मागे म्हणाला होतात."

"हो ना ताई," सिस्टर म्हणाली. "मीच हाय ना तिथली नर्स. पगार तिथलाच निघतो माझा. वरून ऑर्डर आली, नाशिकला मंत्रीसाहेबांकडं जा, म्हून आले. माझ्या खोलीला कुलूप तसंच हाय तिकडं."

कुणा उत्साही अधिकाऱ्याने मंत्र्याला खूश करायला ही सोय केली होती, आणि आता त्याच अधिकाऱ्याच्या हाताखालून बिनचूक उत्तर तयार होऊन आलं होतं. दादासाहेबांनी कागद पुन्हा वाचला. मग सवयीने म्हणाले, "ही बाब तपासून पाहण्यात येईल."

"अहो, तपासायचं काय त्यात?" ताई म्हणाल्या. "ती इथं उभी आहे."

सिस्टरला आपण काय बोलून बसलो ते कळेना. ती बिचारी घाईघाईने सांगू लागली, "तिकडं तशी कुणाची तक्रार नाय साहेब. लय गरीब लोकं. फक्त एक मंगळी म्हून हाय, तिचे दिवस भरत आलेत. पहिल्या खेपेला पोर हाती लागलं नव्हतं तिचं. मी निघाले तर रस्त्यापर्यंत आली होती. म्हने, बाई, कधी येशील?"

दादासाहेब उठून व्हरांड्यात गेले. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, सिस्टरला परत पाठवू आणि ताईंसाठी दुसरी नर्स बघू. ताईंनी दंड पुढे केला होता, सिस्टर इंजेक्शन देत होती. सुईकडे न बघता ताई म्हणाल्या, "दुसरी पण कुठल्या तरी गावचीच असेल." पण ती मुलगी गेली की पुन्हा रोजची भीती सुरू होणार, हे त्या घरात सगळ्यांना समजत होतं.

त्या आठवड्यात मला शाळेच्या पुस्तकांसाठी मुंबईला जायचं होतं. दादासाहेबांबरोबर मीही पंचवटी एक्सप्रेसने गेलो. गाडीत त्यांच्या स्वीय सहायकाने त्यांची समजूत घातली, "साहेब, उत्तर अचूक आहे. वाचा आणि बसा. नर्स उद्या गुपचूप परत पाठवू. बोभाटा कशाला?" सल्ला शहाणपणाचा होता, आणि मीही मान डोलावली. दादासाहेब कसारा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

प्रेक्षकांच्या गॅलरीत मला पास मिळाला होता. प्रश्न पुकारला गेला. दादासाहेब उठले आणि त्यांनी उत्तर वाचलं, हे खरे नाही, पद भरलेले आहे. प्रश्न विचारणारे आमदार तावातावाने आले होते, पण पद भरलेलं आहे म्हटल्यावर त्यांची हवाच गेली. दोन-चार जण काहीतरी बोलले. अध्यक्ष म्हणाले, पुढील प्रश्न. पुढच्या प्रश्नाचे मंत्री उभेसुद्धा राहिले. पण आमचे साडू खाली बसेनात.

"अध्यक्ष महाराज, मला माझ्या उत्तरात भर घालायची आहे," ते म्हणाले. "पद भरलेले आहे, पण परिचारिका तिथे नाही."

आमदार ताडकन उठले. "मग कुठे आहे?"

"नाशिकला," दादासाहेब म्हणाले. "माझ्या घरी."

पुढे जो गदारोळ झाला त्यात मला एकच वाक्य नीट ऐकू आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मंत्रीमहोदयांना लाज वाटते का?" दादासाहेबांनी त्या दिशेला वळून पाहिलं आणि म्हणाले, "होय. वाटते." अख्ख्या आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं सरळ उत्तर, आणि ते द्यायला त्यांनी जागा तरी कुठली निवडावी! मी गॅलरीत बसून सरळ रडलो. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, मी विरोधी पक्षाचा असेन आणि मला आनंद झाला असेल.

पुढच्या खांदेपालटात त्यांचं मंत्रिपद गेलं. या दोन गोष्टींचा काही संबंध होता का, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "प्रश्न उद्भवत नाही." सिस्टर मात्र सभागृहातल्या त्या उत्तराच्या दुसऱ्याच दिवशी करवंदपाड्याला गेली आणि वेळेवर पोचली. नंतर एकदा नाशिकला आली तेव्हा तिने सांगितलं, मंगळीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. ताईंनी तिच्या हातात अंगडं-टोपडं ठेवलं आणि तिला पोटाशी धरलं.

पण जायच्या आधी, दादासाहेब मुंबईहून परतल्यावर निघायच्या गडबडीतच, सिस्टरने आणखी एक काम केलं होतं. तिने दादासाहेबांना स्वयंपाकघरात बसवलं, हातात सिरिंज दिली आणि समोर सरावाला मोसंबं ठेवलं. मोसंब्याला सुई टोचताना या माजी वकिलाला दरदरून घाम फुटला होता. ताई हसून हसून बेजार झाल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र, नाशिकला असोत की मुंबईला, त्यांनी निमूटपणे त्याच हातापुढे दंड धरला. दादासाहेब दर वेळी विचारायचे, "दुखलं का?" ताई दर वेळी सांगायच्या, "नाही." हात त्यांचा जड होता, दंडावर निळे डाग पडायचे, ते आम्ही सगळे पाहत होतो. पण ताईंनी आपलं उत्तर शेवटपर्यंत बदललं नाही. दादासाहेब मला एकदा म्हणाले, "ही सुई हातात येण्याआधी आम्ही दोघं सकाळी अशी कधी बसलोच नव्हतो रे."

ताईंना जाऊन आता काही वर्षं झाली. मी अजून रविवारी सकाळी दादासाहेबांकडे जातो. ते लवकर उठलेले असतात. हात सवयीने पातेलं शोधतो, सिरिंजसाठी पाणी उकळायला ठेवतो. पाणी उकळलं की त्यांच्या लक्षात येतं, मग त्याच पाण्यात चहाची पावडर टाकतात. आम्ही दोघं तो चहा पितो. ताईंच्या बरोबर त्यांनीही साखर सोडली होती, ती त्यांच्या घरात परत आलेली नाही. मी मागत नाही.